पिकअप आणि ॲव्हरेज

नाशिकहून त्र्यंबकेश्वरास निघालेल्या माणसाच्या डाव्या हातास अंजनेरीचा डोंगर येऊन उभा राहिला आणि समोर ब्रह्मगिरीची काळी भिंत दिसू लागली, म्हणजे शहराच्या गजबजाटातून आपण सुटलो अशी त्याची खात्री पटते; परंतु त्यापूर्वी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीची वेस ओलांडीपर्यंत हा रस्ता देवाच्या वाटेपेक्षा मोटारींचे माहेरच अधिक भासतो. ह्याच वसाहतीत महिंद्र आणि महिंद्र कंपनीचा कारखाना आहे. २००२ साली बाजारात आलेली स्कॉर्पिओ येथलीच. तिकडे इगतपुरीस ह्याच कंपनीचा इंजिनांचा कारखाना. आणि सातपूर-अंबडच्या गल्ल्यांतून मोटारींचे लहानमोठे सुटे भाग घडविणारी किती कुटुंबे आहेत ह्याची गणती करावयास बसलो तर निम्मे नाशिक त्यात सापडेल. अशा गावात माणसे मोटारींविषयी बोलतात ती भाजीपाल्याच्या भावासारखी, सहज आणि अधिकाराने; आणि त्या बोलण्यात दोन शब्द हमखास येतात. एक पिकअप, म्हणजे गाडीने झटकन वेग घेणे, आणि दुसरा ॲव्हरेज.

मागच्या श्रावणात माझा भाचा मला त्र्यंबकला घेऊन चालला होता, किंवा खरे सांगायचे तर माझ्या जुन्या गाडीवर हात बसवीत होता, कारण त्याला स्वतःची पहिली गाडी घ्यावयाची होती. खंबाळ्याच्या अलीकडे एका मालमोटारीच्या मागे बराच वेळ अडकून पडल्यावर तो म्हणाला, “मामा, गाडी लहानच घेणार आहे, पण पिकअप पाहिजे. आणि ॲव्हरेजपण पाहिजे. तुम्ही सांगा, दोन्ही एका गाडीत मिळतं का?” त्याच्या ह्या साध्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येईना, कारण त्याला कोणती गाडी मिळणार ह्याचा बराचसा निर्णय तो दुकानात पाऊल टाकण्यापूर्वीच दिल्लीत दोन निरनिराळ्या मोजपट्ट्यांनी होऊन गेलेला असतो. त्या मोजपट्ट्या कशा आहेत, कोठून आल्या आणि चपळ लहान गाडीवर त्यांचा परिणाम काय होतो, हे जरा विस्ताराने सांगावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

प्रथम ॲव्हरेज ह्या शब्दाचाच उलगडा करू. आपण मराठी माणसे ‘गाडी ॲव्हरेज किती देते’ असे विचारतो तेव्हा एका लिटर पेट्रोलमध्ये ती किती किलोमीटर जाते एवढेच आपणांस विचारावयाचे असते. सरासरी हा त्या शब्दाचा मूळ अर्थ आपण केव्हाच मागे टाकलेला आहे. कायद्याने मात्र तो मूळ अर्थच घट्ट धरून ठेविला आहे. मोटारींच्या इंधनवापराविषयीचा जो नियम आज हिंदुस्थानात अंमलात आहे तो तुमच्या-माझ्या एकेका गाडीस लागू नाही. एखाद्या कंपनीने वर्षभरात विकलेल्या सर्व मोटारींचा हिशेब मांडून, कोणती किती विकली गेली ह्याचा भार लक्षात घेऊन, त्या साऱ्यांची मिळून जी सरासरी निघेल ती ठरविलेल्या रेषेच्या आत असली पाहिजे, असा तो नियम आहे. सबब एखादी खादाड गाडी विकावयास कंपनीस मनाई नाही. तिच्या बदल्यात काटकसरी गाड्या पुरेशा विकल्या म्हणजे झाले.

ह्या कल्पनेचा जन्म अमेरिकेत झाला. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेलाची कोंडी केली, पेट्रोलच्या पंपांवर रांगा लागल्या, आणि ज्या देशात मोटारीची लांबी ही घराण्याच्या प्रतिष्ठेची खूण मानली जात असे तेथे डिसेंबर १९७५ मध्ये प्रत्येक कंपनीच्या मोटारींच्या सरासरीवर मर्यादा घालणारा कायदा झाला. १९७८ च्या मोटारींस गॅलनला १८ मैल आणि १९८५ च्या मोटारींस साडेसत्तावीस मैल अशी ती मर्यादा होती. आपल्या मापात सांगावयाचे तर लिटरला सुमारे ७.७ किलोमीटरांपासून ११.७ किलोमीटरांपर्यंतचा हा चढ. पण त्या कायद्यात मालवाहू वर्गाच्या गाड्यांसाठी निराळी आणि सैल रेषा होती, आणि पुढल्या काळात जी उंच, अवजड कौटुंबिक वाहने अमेरिकेच्या रस्त्यांवर बोकाळली त्यांतील पुष्कळशी ह्या सैल वर्गाच्या दाराने आत शिरली. मोजपट्टीत जेथे फट राहते तेथे बाजाराचे पाणी मुरते, हे त्या वेळी सर्व जगाने पाहिले.

आपल्याकडे ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ साली झाला आणि त्याच्या आधारे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापन झाला. मोटारींच्या इंधनवापराचे प्रमाण ठरविणारी अधिसूचना एप्रिल २०१५ मध्ये निघाली. तिचा पहिला टप्पा २०१७-१८ ह्या आर्थिक वर्षापासून आणि दुसरा, अधिक कडक टप्पा २०२२-२३ पासून सुरू झाला. पहिल्या टप्प्यात किलोमीटरमागे सुमारे १३० ग्रॅम आणि दुसऱ्यात सुमारे ११३ ग्रॅम कर्बवायू, असे हे प्रमाण वर्तमानपत्रांतून सांगितले जाते. येथे वाचकांस साहजिकच शंका येईल की प्रश्न इंधनाचा असता धुराचे वजन कशासाठी? त्याचे कारण असे की पेट्रोलमधील कर्ब जळाला की तो हवेतील प्राणवायूशी संयोग पावतो. बारा भाग कर्बास बत्तीस भाग प्राणवायू जोडला जाऊन चव्वेचाळीस भाग कर्बवायू होतो, आणि म्हणूनच पाऊण किलो वजनाच्या एका लिटर पेट्रोलमधून सव्वादोन किलोहून अधिक कर्बवायू बाहेर पडतो. हे प्रमाण रसायनशास्त्राने कायमचे बांधून दिलेले असल्यामुळे धूर मोजला काय आणि पेट्रोल मोजले काय, हिशेब एकच.

पुण्याच्या वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. जाहिरातींतून जिच्या नावाने लिटरचे आकडे छापले जातात ती ‘एआरएआय’ हीच. तेथे आणि अशाच इतर मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत गाडीची चाके रोलरांवर ठेवितात, गाडी जागच्या जागी धावते, आणि समोरच्या पडद्यावर आखलेल्या वेगाच्या रेषेबरहुकूम चालक ती हाकतो. ही रेषा सुमारे वीस मिनिटांची असते. शहरातील थांबत-थांबत जाण्याचा एक तुकडा चार वेळा, आणि त्यानंतर सुमारे सात मिनिटे मोकळ्या रस्त्याची, ज्यात वेग ९० किलोमीटरांपलीकडे जात नाही. पेट्रोल टाकीतून मोजीत नाहीत; धूर पिशव्यांत साठवून त्यातील कर्ब मोजतात आणि त्यावरून पेट्रोल काढतात. ही परीक्षा प्रामाणिक आहे, ह्यात मला शंका नाही. कारण सर्व गाड्यांस ती सारखी आहे. परंतु तिच्यात वातानुकूलन बंद असते आणि त्या रोलरांवर चढ नाही. त्र्यंबकहून मोखाड्याकडे उतरणारा तोरंगणचा घाट नाही, पहिन्याचा पाऊस नाही, पाठीमागच्या बाकावर बसलेली आजी आणि तिचे प्रसादाचे गाठोडे नाही. पंपावर ‘कंपनी सांगते तेवढं ॲव्हरेज कुठं मिळतं’ असा जो सूर निघतो त्याचे मूळ फसवणुकीत नसून परीक्षेच्या ह्या सौम्यपणात आहे.

आता कंपनीच्या सरासरीस ज्या रेषेच्या आत राहावयाचे ती कायद्याची रेषा पाहू, कारण सारी ग्यानबाची मेख तिच्यातच आहे. कंपनीच्या गाड्यांचे सरासरी रिकामे वजन जितके जास्त तितकी इंधनाची मुभा जास्त, असे दुसऱ्या टप्प्याचे सूत्र आहे: वजनातून ११४५ किलो वजा करावयाचे, जे उरेल त्यास ०.००२ ने गुणावयाचे आणि त्यात ४.७६९४ मिळवावयाचे, जो आकडा येईल तितके लिटर पेट्रोल शंभर किलोमीटरांस. ज्या कंपनीच्या गाड्या सरासरीने ८५० किलोच्या आहेत तिला सुमारे ४.१८ लिटरांत, म्हणजे लिटरला जवळजवळ चोवीस किलोमीटर ह्या हिशेबाने भागवावे लागते. जिच्या गाड्या १४०० किलोच्या, तिला ५.२८ लिटर, म्हणजे लिटरला एकोणीस. हलक्या गाडीकडून अधिक आणि जड गाडीकडून कमी, असा हा न्याय आहे.

सूत्रकर्त्यांचा इरादा वाईट नव्हता, हे प्रथम मान्य केले पाहिजे. सात माणसांच्या कुटुंबास मोठी गाडी लागते, शेतावरच्या कच्च्या वाटेस दणकट सांगाडा लागतो, आणि वजनाचा मुळीच विचार न करता सर्वांस एकच आकडा लावला असता तर जड वाहने बनविणाऱ्या कारखान्यांवर, पर्यायाने सातपूर-अंबडच्या भाकरीवर, सारा बोजा पडला असता. परंतु वजनाबरोबर मुभा वाढविणाऱ्या सूत्राच्या ह्या उताराचा हलक्या चपळ गाडीवर काय परिणाम होतो तो एका उदाहरणाने पाहावा. मारुतीने मार्च २०१७ मध्ये बलेनो आरएस नावाची गाडी काढली होती. इंजिन ९९८ घनसेंटिमीटरांचे, टर्बोचार्जरच्या साह्याने सुमारे १०२ अश्वशक्तीचे, गाडीचे वजन ९५० किलो, आणि प्रयोगशाळेतील आकडा लिटरला २१.१ किलोमीटर, म्हणजे शंभर किलोमीटरांस ४.७४ लिटर. पहिल्या टप्प्याच्या सूत्राप्रमाणे तिच्या वजनास ५.२८ लिटरांची मुभा होती, तेव्हा ती आरामात बसली असती. दुसऱ्या टप्प्यात ९५० किलोच्या गाडीस मुभा ४.३८ लिटर, तेथे ती बसत नाही. पण समजा, इंधन तेवढेच जाळणारी हीच गाडी ११४५ किलोची असती तर? तर तिची मुभा ४.७७ झाली असती आणि ती रेषेच्या आत गेली असती. नियम एकेका गाडीस लागत नसून सरासरीस लागतो हे खरे, आणि ही विशिष्ट गाडी दुसरा टप्पा येण्यापूर्वीच बाजारातून गेली हेही खरे. पण इंधन तितकेच जाळून जी अधिक जड आहे ती कायद्याच्या नजरेत अधिक गुणी ठरते, ही गोष्ट मला वर्षानुवर्षे सलत आली आहे.

कारण हलकेपणा हीच काटकसरीची आणि चपळाईची सामाईक आई आहे. हे आपल्या त्र्यंबकच्या वाटेवरच तपासून पाहता येते. नाशिकहून त्र्यंबकपर्यंत सुमारे तीस किलोमीटरांत रस्ता दीडशे मीटरांच्या आसपास वर चढतो. माणसांसह १३०० किलोचे ओझे तेवढे वर न्यावयाचे तर सुमारे १९ लाख ज्यूल ऊर्जा खर्ची पडते. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२० लाख ज्यूल असतात, पण इंजिन त्यातील चौथाईच्या आसपासच चाकांच्या कामी लावते, बाकीची रेडिएटरातून आणि धुरातून उडून जाते; तेव्हा हा चढ म्हणून पाव लिटर पेट्रोल वेगळे मोजावे लागते. गाडी चारशे किलोंनी जड असेल तर ह्या पावशेरात आणखी सत्तर मिलिलिटरांची भर. परतीच्या उतारावर यातील काही अंश वसूल होतो, कारण पाय उचलला की आजची इंजिने पेट्रोल तोडतात; परंतु वळणावर ब्रेक दाबला की तेवढी ठेव बुडाली.

आणि ब्रेकवरून आठवले. पिकअप म्हटले की पेट्रोलची नासाडी, असा आपल्याकडे एक दृढ समज आहे आणि तो अर्धाच खरा आहे. हजार किलोची गाडी थांबलेल्या अवस्थेतून ताशी ६० किलोमीटर वेगास नेण्यास सुमारे एक लाख एकोणचाळीस हजार ज्यूल लागतात; ती सहा सेकंदांत नेली काय आणि बारा सेकंदांत नेली काय, गाडीत साठणारी गतिज ऊर्जा तीच. तिच्यासाठी सुमारे १७ मिलिलिटर पेट्रोल, म्हणजे आचमनाच्या दोन-तीन पळ्या. गाडी चौदाशे किलोची असेल तर २४ मिलिलिटर. पपया नर्सरीचा चौक असो की आणखी कोणता, प्रत्येक सिग्नलला ही पळी ब्रेकच्या तापातून हवेत अर्पण होते, आणि जड गाडीची पळी मोठी असते. चपळ गाडी दोषी ठरते ती तिच्या चपळाईमुळे नव्हे. आपण तिला नाहक पळवितो आणि नाहक थांबवितो त्यामुळे.

जुन्या पिढीने हा हलकेपणाचा चमत्कार एकदा डोळ्यांनी पाहिलेला आहे. मुंबईच्या कुर्ल्यात बनणारी फियाट, पुढे जिला प्रीमियर पद्मिनी म्हणू लागले, तिचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरांचे, शक्ती चाळिसाच्या घरात आणि वजन नऊशे किलोंच्या आसपास. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली तिचे इंजिन अवघे ७९६ घनसेंटिमीटरांचे, शक्ती साधारण तेवढीच, आणि वजन साडेसहाशे किलोंच्या आतबाहेर. कसारा घाटात पाणी उकळणाऱ्या जुन्या गाड्यांच्या रांगेतून ही चिमुकली गाडी सुळकन पुढे निघून जात असे ते तिच्या अंगी कोणते मोठे बळ होते म्हणून नव्हे, तर वाहून नेण्यास तिच्याजवळ स्वतःचेच ओझे कमी होते म्हणून. आणि त्याच कारणाने ती पेट्रोलही कमी पीत असे.

ह्यापुढची पायरी म्हणजे लहान इंजिनास टर्बोचार्जरची जोड. मोठे इंजिन सपाटीवर सावकाश चालले असता आपल्या शक्तीच्या अल्पांशानेच काम करते. हवेचे दार अर्धवट मिटलेले असते आणि त्या फटीतून श्वास ओढण्यातच त्याची बरीच शक्ती व्यर्थ जाते. तेच काम लहान इंजिनास दिले तर त्याचे दार अधिक उघडे राहते, श्वासाचे श्रम कमी होतात आणि पेट्रोल वाचते. मग घाट आला किंवा मालमोटार ओलांडावयाची वेळ आली तर? तेव्हा बाहेर पडणाऱ्या धुराच्याच झोताने फिरणारे चक्र जास्तीची हवा आत कोंबते आणि लहान इंजिन घटकाभर मोठे होते. अर्थात ते मोठे झाले की मोठ्यासारखेच पिते, आणि फार तापले तर थंडाव्यासाठी आणखी थोडे. तोरंगणच्या घाटात चार माणसांनिशी टर्बोचे पेट्रोल वाजवीपेक्षा जास्त जाते ते ह्यामुळे.

जर्मनीत १९७६ साली फोक्सवॅगनच्या गोल्फ जीटीआयने लहान चपळ गाडीची जी परंपरा रूढ केली, तिचा खरा मराठी अवतार पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यात घडला. २०१३ च्या एप्रिलात आलेली पोलो जीटी टीएसआय ही ती गाडी. इंजिन ११९७ घनसेंटिमीटरांचे, १०५ अश्वशक्तीचे; स्थिरावस्थेतून शंभरचा वेग दहा सेकंदांच्या आत; आणि प्रयोगशाळेतील आकडा लिटरला १७.२ किलोमीटर. पुण्या-नाशिकच्या पुष्कळ तरुणांनी ही गाडी किती जिव्हाळ्याने सांभाळली, आणि २०२२ मध्ये पोलोचे उत्पादन थांबले तेव्हा त्यांस किती चुटपुट लागली, हे मी जवळून पाहिले आहे. त्याच घराण्याची पोलो जीटीआय २०१६ मध्ये परदेशातून आणून येथे विकण्याचा प्रयत्न झाला. ती अधिक बलवान होती, पण इंजिन १.८ लिटरचे आणि किंमत पंचवीस लाखांच्या वर. ११९७ आणि १८०० ह्या आकड्यांतील अंतर केवळ शक्तीचे नव्हे. आणि येथे आपण दुसऱ्या मोजपट्टीपाशी येऊन पोहोचतो.

ही मोजपट्टी महसुलाची. २००६ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री पी. चिदंबरम ह्यांनी अंदाजपत्रकात लहान गाड्यांवरील अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणिला, आणि लहान गाडी कशास म्हणावे ह्याची व्याख्या केली: लांबी चार मीटरांपलीकडे नसावी, इंजिन पेट्रोलचे असल्यास १२०० आणि डिझेलचे असल्यास १५०० घनसेंटिमीटरांपलीकडे नसावे. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हाही ही व्याख्या टिकून राहिली, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तर ह्या रेषेच्या आतील गाडीस १८ टक्के आणि बाहेरच्या गाडीस ४० टक्के असा जबरदस्त फरक झाला. व्याख्येत लांबी आहे, इंजिनाचे आकारमान आहे. वजन मात्र कोठेच नाही.

तिचा परिणाम पाहावयास नाशिकइतके योग्य स्थळ दुसरे नाही. येथल्या कारखान्यात झायलो नावाची साडेचार मीटर लांबीची गाडी बनत असे. २०१२ मध्ये तिचा मागचा भाग छाटून आणि दीड लिटरच्या आतले तीन सिलिंडरांचे इंजिन बसवून क्वांटो आली, लांबी ३९८५ मिलिमीटर. दीड टनाहून जड असलेली ही गाडी कायद्याच्या दप्तरात मारुतीच्या पंक्तीस ‘लहान’ म्हणून बसली. पुढल्याच वर्षी व्हेरिटो ह्या सेडानची डिकी आखडून व्हाइब निघाली, तीही चार मीटरांच्या आत. आणि २०१९ च्या फेब्रुवारीत एक्सयूव्ही ३०० आली. ज्या कोरियन टिव्होली गाडीवरून ती घेतली ती ४.२ मीटरांची, ही ३९९५ मिलिमीटरांची. पेट्रोल इंजिन ११९७, डिझेल १४९७. हे आकडे कोणा अभियंत्याच्या मनात स्फुरलेले नव्हेत. ते अंदाजपत्रकाच्या कलमाने लिहून दिलेले आहेत. तथापि एवढ्या आकुंचित जागेत नाशिकच्या कारागिरांनी जे साधले त्याचे कौतुक केलेच पाहिजे. ह्या गाडीस सुरक्षिततेच्या परीक्षेत पाच तारे मिळाले, आणि २०२४ पासून येथेच बनणाऱ्या एक्सयूव्ही ३एक्सओच्या टर्बो पेट्रोल इंजिनात १३० अश्वशक्ती आहे. ताशी ६० चा वेग साडेचार सेकंदांत, असा कंपनीचा दावा आहे. पण पिकअपसाठी शक्ती वाढविणे हा एक मार्ग झाला आणि ओझे कमी करणे हा दुसरा. आपल्या दोन्ही मोजपट्ट्यांमुळे कंपन्यांचा ओढा पहिल्याकडेच राहतो.

हलकी गाडी म्हणजे पत्र्याचा डबा, तिच्यात जीव सुरक्षित नाही, अशी भीती पुष्कळांच्या मनात असते, आणि पुण्याच्या टाटा कंपनीने ती बऱ्याच अंशी खोटी ठरविली आहे. तिची अल्ट्रोझ ही सुमारे एक टन वजनाची गाडी पाच तारे मिळविणारी पहिली भारतीय हॅचबॅक ठरली. २०२१ मध्ये तिच्यात ११० अश्वशक्तीचे टर्बो इंजिन आले आणि २०२४ मध्ये रेसर नावाने १२० अश्वशक्तीचे. पोलादाची प्रत आणि सांगाड्याची आखणी ह्यांवर सुरक्षितता अवलंबून असते. नुसत्या किलोंवर नव्हे.

इंधनाच्या कायद्यात आणखीही बारीकसारीक तरतुदी आहेत आणि त्यांच्या खुणा आजच्या पुष्कळ गाड्यांत सापडतात. सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणारी यंत्रणा, सहा किंवा अधिक गिअरांची पेटी, टायरांतील हवेची सूचना, ब्रेकच्या वेळी ऊर्जा परत साठविण्याची सोय, ह्यांपैकी प्रत्येकीबद्दल हिशेबात दोन-दोन टक्क्यांची सूट मिळते. आणि विजेवरची एक गाडी विकली तर सरासरी काढताना ती तीन गाड्या म्हणून धरली जाते. शिवाय २०२२ च्या दुरुस्तीने दंडही जबर केला आहे: मर्यादा शंभर किलोमीटरांस ०.२ लिटरपर्यंत ओलांडली तर विकलेल्या दर गाडीमागे २५ हजार, त्याहून अधिक ओलांडली तर ५० हजार रुपये.

तिसरा टप्पा एप्रिल २०२७ पासून यावयाचा अशी योजना असून त्याचा जो मसुदा सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला त्यात प्रथमच वजनाचा उल्लेख सवलतीसाठी झाला. ९०९ किलोंपर्यंतच्या, चार मीटर आणि १२०० घनसेंटिमीटरांच्या आतल्या पेट्रोल गाडीस किलोमीटरमागे तीन ग्रॅमांची वजावट त्यात सुचविली होती. ह्यावर कंपन्यांत मोठा वाद माजला; लहान गाड्यांवर ज्यांचा व्यापार उभा आहे त्यांनी तिचा पुरस्कार केला, इतरांनी ती एकाच्याच सोयीची आहे असा आक्षेप घेतला. माझे मत दोघांहूनही थोडे निराळे आहे. हलकेपणास मान मिळावा ह्याचा मला आनंदच आहे. परंतु ९०९ ह्या आकड्यावर नवी भिंत बांधली तर ज्याप्रमाणे ३९९५ मिलिमीटरांच्या गाड्या निघाल्या त्याप्रमाणे उद्या ९०८ किलोच्या निघतील, आणि ९१० किलोच्या चांगल्या गाडीची उपेक्षा होईल. त्यापेक्षा सूत्रातला उतार अधिक सौम्य करावा. पहिल्या टप्प्यात तो ०.००२४ होता, दुसऱ्यात ०.००२ झाला, तो आणखी खाली आणला तर किलो वाढवून मिळणारी मुभा आपोआप घटेल, आणि दहा-दहा किलोंनी हलकी होत जाणारी प्रत्येक गाडी, मग ती चाकणची असो की सातपूरची, त्या त्या प्रमाणात फायद्यात राहील. करातही लांबीच्या जोडीस वजन आणावे. सातपूरच्या कारखानदारीचे ह्यात नुकसान आहे असे मला वाटत नाही. ज्यांनी झायलोची लांबी कापून दाखविली त्यांस वजन कापण्याचे कसब शिकावयास परक्याकडे जावे लागणार नाही.

हे सारे मी भाच्याला सांगितले ते त्र्यंबकात गाडी लावून कुशावर्ताकडे पायी जाताना आणि पुन्हा येताना. श्रावणातल्या सोमवारची प्रदक्षिणेची गर्दी अजून यावयाची होती, तरी वाहनतळ भरलेला होता, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक गाड्या उंच, चौकोनी, आणि लांबीने चार मीटरांस पाच-दहा मिलिमीटर कमी अशाच होत्या. परतताना पेगलवाडीजवळ मी चाक हाती घेतले. तो शेजारी बसला, समोरच्या खणातून माझ्या गाडीचे आरसी बुक काढून त्यातील रिकाम्या गाडीच्या वजनाची ओळ त्याने मोठ्याने वाचली, आणि मग पिशवीतून आणलेली चार-पाच गाड्यांची माहितीपत्रके मांडीवर पसरून तो तोच आकडा शोधू लागला. लांबी, रुंदी, उंची, डिकीत मावणारे सामान, पडद्याचे इंच, अश्वशक्ती, सारे ठळक छापलेले होते. अंजनेरी मागे जाईपर्यंत त्याने सगळी पाने उलटली. वजन एकाच पत्रकात, शेवटच्या पानावर, खालच्या कोपऱ्यात सापडले. त्याने खिशातून पेन काढले आणि त्या आकड्याभोवती गोल केला.